विज्ञान शिक्षकांचं वाचन-लेखन प्रशिक्षण: या चुका टाळा

सीबीएसईच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत आता निम्मा भर क्षमताधारित प्रश्नांवर असतो. परिच्छेद, तक्ता किंवा आलेख देऊन त्यावर विचार करायला लावणारे प्रश्न त्यात येतात. निरीक्षण आणि निष्कर्ष नेमकेपणाने मांडता येणं हा विज्ञान शिकण्याचाच भाग आहे, असं 2023 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मानतो. अमेरिकेत 2010 च्या कॉमन कोअर मानकांनी तर सहावी ते बारावीच्या विज्ञान विषयासाठी वाचन-लेखनाच्या वेगळ्या अपेक्षाच ठरवून दिल्या. म्हणजे विज्ञान शिक्षकाला आता वाचायला आणि लिहायलाही शिकवायचं आहे. त्यासाठी प्रशिक्षणं होतात, पण तासाला पुन्हा जुनंच चालू राहतं. असं का होतं, हे प्रशिक्षणाच्या आखणीतच दिसतं.

दिवसभर स्लाइड दाखवणं

वाचन कसं शिकवावं यावर पाच तास भाषण होतं आणि त्या पाच तासांत शिक्षक स्वतः काहीच वाचत नाहीत. पहिली 40 मिनिटं त्यांच्या हातात मजकूर द्या. ओआरएसच्या पाकिटावरचा मजकूर यासाठी उत्तम. एक लिटर पाण्यासाठीच्या प्रमाणित पाकिटात 20.5 ग्रॅम भुकटी असते: मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. प्रश्न एकच द्या: ही सगळी भुकटी 200 मिलिलिटरच्या पेल्यात विरघळवली तर काय होईल? उत्तर तीन वाक्यांत लेखी घ्या.

संहती (द्रावणाची तीव्रता) पाचपट होते, हे बहुतेक जण लगेच लिहितात. अडतं ते पुढे. इतकं तीव्र द्रावण आतड्यात उलट पाणी खेचून घेतं, म्हणून जुलाब वाढू शकतात आणि रक्तातलं सोडियमही वाढू शकतं. हे कारण पाकिटावर लिहिलेलं नसतं. मजकुरातला आकडा आणि परासरणाचं (पातळ पडद्यातून पाणी तीव्र द्रावणाकडे जाण्याचं) ज्ञान जोडून ते स्वतः काढावं लागतं. विद्यार्थी नेमका याच जोडणीपाशी अडतो. शिक्षकाला ती अडचण एकदा स्वतः जाणवली की पुढचं प्रशिक्षण सोपं जातं.

‘भाषेचं मराठीच्या बाई बघतील’

त्या बघू शकणार नाहीत. मराठीच्या तासाला ‘चाल’ आणि ‘वेग’, ‘बल’ आणि ‘शक्ती’ हे समानार्थी शब्द म्हणून चालून जातात. विज्ञानात ते एकमेकांच्या जागी वापरले तर उत्तर चुकतं. हा फरक विज्ञान शिक्षकानेच शिकवायचा आहे.

तो शिकवताना दुसरी चूक होते: प्रत्येक पाठाला 25-30 शब्दांची यादी फळ्यावर लिहून उतरवून घेणं. पाठागणिक पाच-सहा शब्द पुरेत, पण ते निवडून घ्या. रोजच्या बोलण्यातले पण विज्ञानात अर्थ बदलणारे: कार्य, शक्ती, उष्णता. कानाला सारखे वाटणारे: द्रावण-द्रावक-द्राव्य, क्षपण-क्षरण. आणि ज्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ते संबंध दाखवणारे शब्द: ‘अनुक्रमे’, ‘परिणामी’, ‘व्यस्त प्रमाणात’. पाठ येत असूनही ‘अनुक्रमे’ न कळल्यामुळे गुण जातात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर ‘रिस्पेक्टिव्हली’ फार नडतो. तिथली मुलं वाचतात इंग्रजीत, समजून घेतात मराठीत आणि लिहितात पुन्हा इंग्रजीत. त्यांच्यासाठी दोन्ही भाषांतले शब्द शेजारी-शेजारी लिहा.

निष्कर्ष आधीच लिहिलेली प्रयोगवही

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. प्रयोग होण्याआधीच निरीक्षण आणि अनुमान उतरवून झालेलं असतं. प्रशिक्षणात हा प्रयोग शिक्षकांकडून प्रत्यक्ष करून घ्या: संगमरवराच्या चुऱ्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका आणि निघणारा वायू परीक्षानळीतल्या 5 मिलिलिटर चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होते. तिथे थांबू नका, वायू सोडत राहा. कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होऊन ती पुन्हा नितळ होते. वहीत मात्र ‘निवळी दुधाळ झाली’ एवढंच असतं, आणि समोर नितळ पाणी दिसत असूनही मूल तेच उतरवतं.

‘बुडबुडे आले, निवळी दुधाळ झाली’ हे निरीक्षण. ‘कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला’ हे अनुमान. ही दोन वाक्यं वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लावा, आणि अनुमानाचा रकाना प्रयोग संपेपर्यंत कोरा ठेवा. निवळी दुधाळ झालीच नाही तर ती बहुधा शिळी आहे: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आधीच साय धरलेली असते. आदल्या दिवशी ताजी करा, गाळा आणि बाटलीचं बूच घट्ट लावा.

हजेरीपत्रकावर संपणारं प्रशिक्षण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकांकडून वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. हे तास सलग दिवसांत उरकले की वर्गात काही उतरत नाही. एक पूर्ण दिवस घ्या, मग पंधरा-पंधरा दिवसांनी दोन तासांच्या तीन बैठका ठेवा. प्रत्येक बैठकीला शिक्षकाने सहा उत्तरपत्रिका आणायच्या: दोन चांगल्या, दोन मध्यम, दोन कच्च्या.

तपासणी तीन गुणांची ठेवा: दाव्याला (म्हणजे मूळ उत्तराला) एक, पुराव्याला एक, तर्काला एक. आधी प्रत्येकाने न बोलता गुण द्यायचे, मगच चर्चा. मतभेद जवळजवळ नेहमी तर्काच्या गुणावर होतात. ‘बर्फ वितळताना तापमान 0 अंशावरच राहिलं’ हा पुरावा झाला. दिलेली उष्णता अवस्थाबदलात खर्च झाली, म्हणून तापमान वाढलं नाही, हा तर्क. पहिल्या वाक्यालाच तीन गुण देण्याची सवय जुनी आहे. ती या बैठकांतच मोडते.

वर्गात अडलं तर

पोर्शन संपत नाही: रोज नको, सत्रात चारच पाठ निवडा. पाठ वाचून दाखवण्यात जाणारा वेळ मुलांच्या मूक वाचनाला द्या. आठ मिनिटं पुरतात, पण वाचायच्या आधी एक प्रश्न हातात हवा.

मुलं वाचतच नाहीत: मजकूर लांब आहे. तो 120 ते 150 शब्दांवर आणा. वाक्यं सोपी करत बसू नका, नुसता भाग कमी करा.

सगळ्यांची उत्तरं सारखी: गाईडमधून आली आहेत. तक्त्यातले आकडे बदला आणि एक मोजमाप मुद्दाम चुकीचं घाला. ते कोणतं आणि का, हे लिहायला सांगा.