आंतरराष्ट्रीय न्यायाधीश विधी महाविद्यालयात येणार असतील, तर तयारी कशी करावी

पाहुणे न्यायाधीश येणार म्हटले की संयोजन समितीची पहिली बैठक शाल-श्रीफळ आणि स्वागतगीतावरच खर्ची पडते. वास्तविक अशा भेटीतून विद्यार्थ्यांच्या पदरात काय पडणार हे शेवटच्या अर्ध्या तासातील प्रश्नोत्तरांवर ठरते, म्हणून तयारीही तेथूनच सुरू करावी.

त्याआधी पाहुणे नेमके कोणत्या न्यायालयाचे आहेत, याची खात्री करून घ्यावी. हेगमधील आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ न्यायाधीश नऊ वर्षांच्या मुदतीसाठी निवडले जातात आणि तेथे देशादेशांतील वाद चालतात. त्याच शहरातील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय मात्र व्यक्तींवर खटले चालवते आणि भारत त्याचा सदस्य नाही. निमंत्रणपत्रिकेवर या दोहोंची गल्लत झाली, तर पुढचे सारे स्वागत व्यर्थ आहे.

भेटीच्या महिनाभर आधी विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येकाला एक निकालपत्र मुळातून वाचायला द्यावे. कुलभूषण जाधव प्रकरणाचा १७ जुलै २०१९ चा निकाल यासाठी उत्तम. आपण जिंकलो एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु वकिलाती संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा (अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू देण्याचे कलम) भंग मान्य करूनही न्यायालयाने सुटकेची मागणी फेटाळली आणि शिक्षेचे परिणामकारक पुनर्विलोकन करण्यास पाकिस्तानला सांगितले, हे वाचल्याशिवाय कळत नाही. दुसरे निकालपत्र आपल्या अधिक जवळचे आहे. दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला होता, त्याचा निकाल १९६० साली लागला आणि त्या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला.

प्रश्न आधी लिहून घ्यावेत आणि प्राध्यापकांनी ते नजरेखालून घालावेत. प्रलंबित प्रकरणांविषयी न्यायाधीश बोलणार नाहीत, शिवाय न्यायाधीशांची आपसातील चर्चा न्यायालयाच्या संविधीनुसारच गुप्त राहते. त्यामुळे ‘आत काय घडले’ हा प्रश्न कितीही मोह झाला तरी वगळावा. ‘पाकिस्तान निकाल पाळते का?’ असे विचारण्यापेक्षा ‘करारभंग सिद्ध झाल्यावरही सुटकेऐवजी पुनर्विलोकन हाच योग्य उपाय का ठरला?’ असे विचारावे, कारण त्याचे उत्तर छापील निकालपत्राच्या आधाराने देता येते. एखाद्या न्यायाधीशाने स्वतंत्र किंवा भिन्नमत नोंदवले असेल, तर त्यातील परिच्छेदाचा क्रमांक सांगून विचारलेला प्रश्न सर्वांत चांगला.

संबोधनात ‘माय लॉर्ड’ टाळावे. हेगमध्ये ती प्रथा नाही, ‘जज’ आणि त्यापुढे आडनाव पुरे. परिचय दोन मिनिटांत आटोपावा, प्राचार्यांचे प्रास्ताविकही त्याहून लांबू देऊ नये (हे त्यांना सांगण्याचे काम समितीतील सर्वांत धीट सदस्याकडे द्यावे), आणि पहिला प्रश्न निकालपत्र खरोखर वाचलेल्या विद्यार्थ्याकडे राखून ठेवावा.