जुनं बिझनेस जेट घेताना या चुका टाळा

पंचवीस-तीस वर्षं जुन्या बिझनेस जेटची किंमत नव्याच्या मानाने इतकी कमी असते की बजेटात बसलं म्हणून लोक थेट बोलणी सुरू करतात. पण हँगर, विमा, वैमानिकांचे पगार आणि सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण यांचा खर्च खरेदी-किमतीबरोबर उतरत नाही. सुट्या भागांचे दर तर नवं विमान असावं असेच असतात. म्हणून 'केवढ्याला मिळतंय' हा प्रश्न बाजूला ठेवा. पुढच्या पाच वर्षांत या विमानावर कोणकोणती कामं येणार आहेत, ते आधी कागदावर मांडा.

एकूण तास पाहून इंजिनाचा अंदाज बांधणं

विमान एकूण किती तास उडालंय यापेक्षा पुढच्या ओव्हरहॉलला (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीला) किती तास उरलेत ते महत्त्वाचं. सायटेशन २ या छोट्या बिझनेस जेटच्या जेटी१५डी-४ इंजिनाचं उदाहरण घ्या. ओव्हरहॉल ३,५०० तासांनी, मधली हॉट सेक्शनची (इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागाची) तपासणी १,७५० तासांनी. दोन्ही इंजिनांना ४०० तास उरले असतील आणि तुम्ही वर्षाला २०० तास उडणार असाल, तर दोन वर्षांत दोन्ही इंजिनं एकदमच उतरवावी लागतील. जुन्या जेटच्या बाबतीत हा खर्च विमानाच्या किमतीच्या बरोबरीने, कधी त्याच्याही पुढे जातो. शिवाय इंजिनातल्या फिरत्या चकत्यांसारख्या भागांचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात, म्हणजे साधारण एका उड्डाणामागे एक सायकल. छोट्या छोट्या फेऱ्या मारलेल्या विमानाचे तास कमी दिसले तरी सायकली जास्त असतात.

इंजिन तासावारी देखभाल योजनेत (उडालेल्या दर तासामागे हप्ता भरून देखभाल) असेल तर त्याला जास्त पैसे मोजणं बहुतेक वेळा योग्य ठरतं. मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. योजना नव्या मालकाच्या नावावर होते का, हप्ते थकलेत का, गंज आणि बाहेरून आलेल्या वस्तूंनी झालेलं नुकसान त्यात धरलंय का, हे योजना चालवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या. योजनेबाहेरचं इंजिन नंतर आत घालायचं म्हटलं, तर आधी झालेल्या तासांचे पैसेही सहसा भरावे लागतात.

'कमी उडालेलं' म्हणजे चांगलं असं मानणं

आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अनेक तपासण्या तास किंवा महिने यांपैकी जे आधी येईल त्यावर ठरतात. सायटेशन २ ची फेज ५ नावाची ठरावीक तपासणी १,२०० तासांनी किंवा ३६ महिन्यांनी असते. वर्षाला १०० तासच उडालात तर ती ३०० तासांतच दारात येते, म्हणजे दर तासामागे तिचा भार चौपट. लँडिंग गिअरचा ओव्हरहॉलही कित्येक मॉडेलवर वर्षांच्या हिशोबाने येतो. ३एचटी प्रकारच्या ऑक्सिजन बाटलीला दर ३ वर्षांनी दाबचाचणी लागते आणि २४ वर्षांनी ती बादच होते, विमान उडो वा न उडो.

उभ्या विमानाचे रोग वेगळेच असतात: सील सुकतात, पंखातल्या इंधन टाक्या गळू लागतात, बेअरिंगवर गंज चढतो. वर्षभर उभ्या असलेल्या इंजिनाचं परिरक्षण नियमाप्रमाणे केल्याची नोंद लॉगबुकात नसेल, तर उरलेल्या तासांना पूर्ण किंमत देऊ नका.

माहितीपत्रकातला पल्ला खरा धरणं

तो आकडा बहुधा मोजके प्रवासी आणि अनुकूल हवामान धरून काढलेला असतो. जुन्या विमानात वर्षानुवर्षं नवी आसनं आणि उपकरणं बसवलेली असतात, त्यामुळे रिकामं वजन वाढलेलं असतं. ताजा वजन-अहवाल मागा. कमाल टेकऑफ वजनातून वैमानिकांसह चालू वजन आणि पूर्ण इंधन वजा केलं की पेलोड (प्रवासी आणि सामानाचं वजन) हाती येतो. कित्येक जुन्या जेटमध्ये तो दोन-तीन माणसांपुरताच निघतो. मग इंधन कमी भरा, नाहीतर वाटेत उतरा.

उष्णता आणि उंचीचा हिशोब तर हमखास राहून जातो. ५,००० फुटांवरच्या विमानतळावर प्रमाण तापमान ५ अंश सेल्सिअस असतं. तिथे ३० अंश असेल तर घनता-उंची (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) सुमारे ८,००० फूट होते. टेकऑफला लांब धावपट्टी लागते. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे एक इंजिन बंद पडल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला लँडिंग गिअर वर घेतल्यानंतर २.४ टक्के चढ दाखवावा लागतो. धावपट्टी पुरेशी लांब असूनही बरेचदा वजन इथेच कापावं लागतं. तुमचा सगळ्यात कठीण विमानतळ, सगळ्यात गरम दुपार आणि नेहमीचे प्रवासी धरून त्याच विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमधून आकडे काढून घ्या. चार्टरसाठी घेत असाल तर कित्येक देशांत लँडिंग धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसवावं लागतं. ३,००० फुटांत थांबणाऱ्या विमानाला ५,००० फूट लागतील.

उपकरणं आणि आवाजाचे नियम नंतर बघू म्हणणं

फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० (साधारण २९,००० ते ४१,००० फूट) या पट्ट्यात आरव्हीएसएमची, म्हणजे विमानांमधलं उभं अंतर कमी ठेवून उडण्याची, पात्रता लागते. ती नसेल तर सहसा खालीच उडावं लागतं. खालच्या उंचीवर जेट कितीतरी जास्त इंधन पितं, म्हणून कागदावरचा पल्लाही गेलाच. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं उपकरण) सक्तीचं आहे. जुन्या लिअरजेट २० मालिकेसारखी स्टेज ३ ध्वनिमर्यादेत न बसणारी जेट २०१५ अखेरीनंतर हशकिटशिवाय (इंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या संचाशिवाय) अमेरिकेच्या मुख्य भूभागावर चालवता येत नाहीत. असं विमान स्वस्त दिसतं, पण विकताना तुम्हालाही तेवढंच स्वस्त द्यावं लागेल.

तपासणी विक्रेत्याच्याच वर्कशॉपमध्ये करणं

खरेदीपूर्व तपासणी त्या मॉडेलवर रोज काम करणाऱ्या, पण या विमानाची नेहमीची देखभाल न करणाऱ्या वर्कशॉपमध्ये करा. विमान तिथे नेण्यापूर्वी लॉगबुकं वाचून घ्या. लॉगबुकाचा एखादा खंड हरवलेला असेल, आयुष्यमर्यादा असलेल्या भागांचा इतिहास सलग लागत नसेल, तर पुढे जाऊ नका.

यादीत एवढं तरी हवंच: दोन्ही इंजिनांची बोअरस्कोप तपासणी (आत बारीक कॅमेरा घालून) आणि पूर्ण शक्तीवरची चाचणी (तापमान मर्यादेला टेकतंय आणि एन१, म्हणजे फॅनचा वेग, अजून पूर्ण आलेला नाही, तर इंजिन थकलंय), टीएफई७३१ इंजिन असेल तर तेलाच्या नमुन्यांचे जुने अहवाल, कारण फॅनच्या गिअरची झीज तिथे आधी दिसते, शौचालय आणि गॅलीखालची जमीन उचकटून गंज, विंडशील्डचे थर सुटलेत का, आणि उंचीवर नेऊन केबिनचा दाब टिकतो का.

ठेव एस्क्रोमध्ये (तटस्थ तिऱ्हाइताकडे) राहू द्या. उड्डाणयोग्यतेचे दोष विक्रेत्याच्या खर्चाने दुरुस्त होतील हे कलम तपासणीआधीच करारात घाला, नंतर ते कोणी घालू देत नाही. आणि बोजा (कर्ज-गहाणाचा हक्क) शोधताना विमानाबरोबर इंजिनांचाही शोध घ्या. केप टाउन कराराखाली (विमानं-इंजिनांवरच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) किमान १,७५० पौंड थ्रस्टच्या जेट इंजिनांवर वेगळा हक्क नोंदवता येतो, त्यामुळे विमान मोकळं आणि इंजिन गहाण, असंही होऊ शकतं.