पर्यायी यादवीचे कथानक रचताना

‘वॉरहॅमर ४०,०००’ या भविष्यातील युद्धांवरच्या खेळाच्या विश्वातील होरसच्या बंडाला (सम्राटाचा पुत्र व सेनापती होरस याने त्याच्याविरुद्ध पुकारलेल्या यादवीला) वेगळे वळण देणारे कथानक रचायला नवखा चाहता बसतो, तेव्हा बहुधा तो सर्वप्रथम कोणती लीजन (सम्राटाच्या अतिमानवी योद्ध्यांची फौज) कोणत्या बाजूला जाणार याची यादी करतो. मूळ कथेत अठरा लीजन नऊ-नऊ अशा विभागल्या गेल्या असल्याने नावांची अदलाबदल करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु तेवढ्याने यादवी उभी राहत नाही. माझ्या अनुभवात, मूळ घटनाक्रमातील एकच निर्णय बदलावा आणि त्याचे परिणाम नेतील तिकडे निमूटपणे जावे, हेच फलदायी ठरले.

आमच्या गटाने होरसचा भाऊ आणि थाउजंड सन्स या लीजनचा नायक मॅग्नस याचा इशारा निवडला. मूळ कथेत होरसची फितुरी कळताच मॅग्नस मंत्रविद्येवरची बंदी मोडून मंत्रसामर्थ्याने सम्राटाला निरोप पोहोचवतो. त्या आघाताने राजवाड्याखालील वेबवे या गूढ प्रवासमार्गाचे कवच फुटून सम्राट सिंहासनाला जखडला जातो, मॅग्नसला पकडून आणण्याचा हुकूम त्याचा भाऊ लेमन रसला मिळतो आणि होरस त्या हुकुमाचे रूपांतर संहारात करवतो. आम्ही हाच निरोप विश्वासू दूताकरवी जहाजाने पाठवला. त्यामुळे मॅग्नसचा ग्रह प्रॉस्पेरो जळत नाही, थाउजंड सन्स फुटत नाहीत आणि सम्राट मोकळा राहतो. एवढ्यावर थांबले तर बंड सुरू होताच चिरडले जाईल, म्हणून होरसलाही त्याच्या बुद्धीला साजेसा डाव द्यावा लागतो. आमचा होरस दूताला वाटेत मारत नाही. दूत पोहोचण्यापूर्वीच तो मॅग्नसवर चोरून मंत्रविद्या चालवल्याचा आरोप करतो आणि तो आरोप खराच असल्यामुळे मॅग्नसचा खरा इशारा आरोपीच्या कांगाव्यासारखा वाटू लागतो. दोन्ही बाजूंकडे सत्याचा तुकडा असला, की भाऊ भावावर शस्त्र का उचलतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वाधिक वेळ मात्र द्यावा तो बातमीच्या प्रवासाला. वॉर्प या समांतर मितीमधील प्रवास बेभरवशाचा आहे आणि संदेश मार्गातच विरतात. इस्टव्हान ५ या ग्रहावर होरसच्या चार लीजनवर सात लीजन चालून गेल्या. त्यांपैकी चार आधीच फितूर होत्या आणि उरलेल्या तिघींना त्याचा पत्ता नव्हता, यातच त्या कत्तलीचे सारे नाट्य आहे. म्हणून मी एक तक्ता ठेवतो, ज्यात डावीकडे घटना आणि पुढे प्रत्येक प्रायमार्कचा (सम्राटाचा पुत्र आणि लीजनचा नायक) रकाना असतो. ‘दूत टेराला (म्हणजे पृथ्वीला) पोहोचला’ या ओळीत डॉर्नपुढे ‘कळले’, तर सँग्विनिअसपुढे ‘होरसची बाजू तेवढी ऐकली’ असे लिहिले, की पुढचा प्रसंग आपोआप सुचतो.

एखादी लीजन सबंध फितूर होते, असेही मानू नये. इस्टव्हान ३ वर विषाणुबॉम्ब पडले ते होरसच्या बाजूच्या चार लीजनमधील निष्ठावंतांवरच, आणि ती बातमी घेऊन निसटलेला गॅरो त्यांपैकीच डेथ गार्ड या लीजनचा कप्तान होता. प्रत्येक लीजनमधील असा किमान एक कप्तान आधीच ठरवून ठेवावा.

या बंडाची कल्पना १९८८च्या ‘अडेप्टस टायटॅनिकस’ या खेळातून आली. टायटन या महाकाय युद्धयंत्राचा एकच साचा परवडत असल्याने दोन्ही बाजूंना तीच यंत्रे द्यावी लागली आणि त्यासाठी यादवी योजली गेली. लढाया लिहिताना हे साम्य जपावे, कारण समोरच्याला आपले डावपेच, सांकेतिक शब्द आणि कच्चे दुवे तोंडपाठ असतात. गटाने लिहीत असाल, तर तक्त्यात बदल करण्याचा अधिकार एकाकडेच ठेवावा आणि कोणताही प्रसंग लिहिण्यापूर्वी त्यातील पात्राचा रकाना इतरांनी तक्ता सांभाळणाऱ्याकडून तपासून घ्यावा.