लेकीचा स्किल्स व्हिडिओ : पहिला फसला, दुसरा जमला

अमेरिकेत कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीममध्ये जागा हवी असेल तर मुलगी आपलं कौशल्य दाखवणारा छोटा व्हिडिओ तिथल्या कोचना पाठवते. लेकीच्या पहिल्या व्हिडिओत तिने सेकंड बेसवर केलेले अकरा थ्रो आहेत, आणि त्यातला एकही पोचताना दिसत नाही. चेंडू हातातून सुटतो, चौकटीबाहेर जातो आणि पुढची क्लिप सुरू होते. ती कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचा चेंडू पकडणारी. कॅचरला कॉलेजचे कोच सगळ्यात आधी त्या थ्रोवर जोखतात, आणि आम्ही नेमका तोच अर्धा कापला होता. वर जोरदार संगीत, नावाची चमकती अक्षरं, होम रनच्या वेळी संथगती. सात मिनिटांचा तो व्हिडिओ आम्ही चौदा कॉलेजांना पाठवला. पुढे एका कॉलेजच्या हिवाळी कॅम्पमध्ये तिथल्या सहायक कोचबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मला तुझे पाय बघायचे होते, ते कुठे दिसलेच नाहीत."

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांतल्या बऱ्याच मुली आता सॉफ्टबॉल खेळतात. त्यांच्या आईबाबांचे मला अधूनमधून फोन येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलींसाठी हे लिहिते आहे.

मी स्वतः जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले. आमच्याकडे निवड म्हणजे मैदानात उभे असलेले सर. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. प्रत्येक पायरीवर कुणीतरी डोळ्यांनी बघून नाव लिहून घ्यायचं. पुढे त्या प्रमाणपत्राला किंमत असायची. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. त्यामुळे अमेरिकेतही पदकांची यादी दाखवली की काम होईल, असं मी धरून चालले होते. पहिल्या व्हिडिओचं पहिलं दीड मिनिट ट्रॉफ्यांच्या फोटोंत गेलं ते त्यामुळेच. इथल्या कोचला व्हिडिओ बघून एकच गोष्ट ठरवायची असते : ह्या मुलीला प्रत्यक्ष बघायला मी एक दिवस काढावा का? व्हिडिओवर निवड होत नाही. तो कोचला मैदानाच्या कुंपणापर्यंत आणतो, एवढंच. हे समजल्यावर त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं हे आपोआप कळायला लागलं.

आधी वेळेचं बोलू. एनसीएए ही कॉलेजांतल्या खेळांची संघटना, आणि तिच्या तीन पातळ्यांत डिव्हिजन १ सगळ्यात वरची. डिव्हिजन १ मध्ये कोच मुलीशी थेट बोलू शकतात ते अकरावीच्या १ सप्टेंबरपासून. सॉफ्टबॉलसाठी हा नियम २०१८ साली आला. त्याआधी सातवी-आठवीतल्या मुलींनाही तोंडी शब्द दिले जात. डिव्हिजन २ मध्ये ही तारीख दहावी संपल्यानंतरची १५ जून आहे. मुलीने मात्र कोचला कधीही ईमेल करावी, व्हिडिओ पाठवावा. त्याला बंदी नाही. डिव्हिजन १ च्या कोचकडून १ सप्टेंबरआधी उत्तर येत नाही, आलंच तर कॅम्पचं पत्रक येतं. हे माहीत नसलं की मुली खचतात. माझी लेक नववीत रोज रात्री इनबॉक्स उघडून बसायची. कोचला उत्तर देण्याची परवानगीच नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं मत असं : दहावीच्या हिवाळ्यात एक साधा व्हिडिओ, आणि वसंतात मोकळ्या मैदानावर नीट चित्रित केलेला दुसरा. दुसरा जूनच्या आधी तयार हवा. आमचा पहिला इनडोअर जाळीत केलेला होता. पिवळसर दिवे, काळं जाळं, मागे इतर मुलींचा गलका. दुसरा एप्रिलमध्ये गावच्या पार्कमधल्या मैदानावर, सकाळी नऊ वाजता, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी ठेवून केला. फोन तोच होता. फक्त तो आडवा धरला, तिपाईवर बसवला आणि जाळीच्या कुंपणातून शूट करताना लेन्स बरोबर एका भोकाला टेकवली, म्हणजे तारा मध्ये येत नाहीत. बादलीभर चेंडू, दोन मैत्रिणी, एक पिचर, आणि घाई नाही. दोन तास लागले.

आता कॅचरचं सविस्तर सांगते, कारण तेच मला नीट माहीत आहे. होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत अंतर ८४ फूट १० इंच. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, आपटला तिथपासून सेकंडवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. कोच हा वेळ स्टॉपवॉच हातात घेऊन व्हिडिओवरूनच मोजतात. म्हणून कॅमेरा कॅचरच्या मागे, किंचित बाजूला आणि थोडा उंचावर हवा, म्हणजे मिट आणि सेकंड बेस दोन्ही एका चौकटीत येतात. मध्ये कट नको. आवाज बंद करायचा नाही. चेंडू मिटमध्ये आपटल्याचा आवाज ऐकूनच घड्याळ सुरू होतं. पाच-सहा थ्रो सलग दाखवा, सगळे खऱ्या पिचवर. हाताने टाकलेल्या सोप्या चेंडूवर केलेला थ्रो अनुभवी नजर लगेच ओळखते.

पडद्यावर आकडा लिहायचा असेल तर खरा लिहा. आमच्या ओळखीतल्या एका वडिलांनी पॉप टाइम १.७ सेकंद लिहिला होता, आणि घड्याळाने मोजला की दोन सेकंदांच्या जरा वरच जायचा. पोरगी चांगली होती. पण एक आकडा खोटा निघाला की पुढच्या सगळ्यावर शंका घेतली जाते, आणि ती शंका वडिलांना नाही, मुलीला भोवते. रडारने (वेग मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेला चेंडूचा वेग दाखवायचा असेल तर रडारचा पडदाच चौकटीत ठेवावा.

थ्रोनंतर ब्लॉकिंग, म्हणजे जमिनीवर आपटून येणारा चेंडू अंगाने अडवणं : तीन डावीकडे, तीन समोर, तीन उजवीकडे. इथे कॅमेरा पिचरच्या मागून. गुडघे कधी जमिनीला लागतात, खांदे आत वळतात का, हनुवटी छातीला टेकते का, आणि चेंडू अंगावर आपटून किती जवळ पडतो, हे दिसलं पाहिजे. चेंडू थोडा दूर उसळला आणि ती उठून त्यावर झडप घालते, अशी एक क्लिप लेकीला काढून टाकायची होती. मी ती ठेवायला लावली. पुढे एका कोचने फोनवर तिला पहिला प्रश्न त्याच क्लिपबद्दल विचारला : "रनर असती तर कुठे फेकला असतास?" मग रिसीव्हिंगचे, म्हणजे पिच नीट झेलण्याचे, आठ-दहा पिच, थर्ड बेसवरचे दोन थ्रो, बंट (बॅटने हळूच ढकललेला चेंडू) उचलून फर्स्टला एक थ्रो. बस.

बॅटिंग दोन बाजूंनी घ्यावी. उजव्या हाताने खेळणारी असेल तर एक कॅमेरा फर्स्ट बेसच्या बाजूने, म्हणजे छाती समोर दिसते आणि हात, कंबर, पुढचा पाय यांचा क्रम कळतो. दुसरा मागून, म्हणजे चेंडू कुठे गेला ते दिसतं. टीवरचे, म्हणजे खुंटीवर ठेवलेल्या चेंडूवरचे, दोन-चार स्विंग पुरेत, बाकी समोरून येणारा चेंडू हवा. कॉलेजमध्ये पिचर ४३ फुटांवरून टाकते. ताशी ६० मैलांचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर येतो. तिथे ठेवलेल्या चेंडूवरचा सुंदर स्विंग कुणाला फारसं काही सांगत नाही. स्लॅप करणारी, म्हणजे धावत सुटतानाच चेंडू मारणारी मुलगी असेल तर होमपासून फर्स्टपर्यंतची धाव कट न करता दाखवा.

इन्फिल्डर आणि आउटफिल्डरला एकच नियम लावा : चेंडू बॅटवरून निघाल्यापासून तो समोरच्याच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत सगळं दिसलं पाहिजे. समोरचा, फोरहँड, बॅकहँड, आणि पुढे धावत येऊन उचललेला हळू चेंडू, हे चार प्रकार इन्फिल्डरकडून हमखास अपेक्षित असतात. पिचरचं वेगळं आहे. आमच्या टीममधल्या पिचरचा व्हिडिओ आम्ही त्याच सकाळी केला. कॅचरच्या मागून, म्हणजे ड्रॉप (खाली पडणारा चेंडू) आणि राइज (वर उठणारा) वळताना दिसतात. आणि ती उजव्या हाताची असल्याने थर्ड बेसच्या बाजूने, म्हणजे हाताचं वर्तुळ आणि मागचा पाय दिसतो. प्रत्येक पिचआधी तिने मोठ्याने नाव सांगितलं : चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू), बाहेर. आणि चेंडू तिथेच गेला. वेगापेक्षा त्या सांगण्याने तिला जास्त उत्तरं मिळाली असं मला वाटतं.

जोडणी अगदी साधी ठेवली. पहिले पाच सेकंद नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, गाव, टीम, जर्सी नंबर, जीपीए (शाळेतल्या मार्कांची सरासरी). घरचा पत्ता आणि मुलीचा फोन नंबर जाहीर व्हिडिओत घालू नका. ह्या कामासाठी वेगळा ईमेल उघडा आणि तोच द्या. मग लगेच तिची सगळ्यात चांगली गोष्ट. कोच पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवते की पुढे बघायचं का. एकूण साडेतीन मिनिटं. संगीत नाही. सामन्यातल्या क्लिप वेगळ्या व्हिडिओत ठेवल्या, आणि तिसरा एक व्हिडिओ न कापलेल्या दोन इनिंगचा. तो तिसरा मागणारे कोच खरोखर रस असलेले असतात, हा आमचा अनुभव.

यूट्यूबवर टाकताना 'अनलिस्टेड' निवडा. आम्ही पहिल्यांदा 'प्रायव्हेट' ठेवला आणि लिंक कुणालाही उघडेना. तीन आठवड्यांनी कळलं. पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघायची, एवढं केलं असतं तर ते आठवडे वाया गेले नसते. व्हिडिओच्या शीर्षकातच नाव, वर्ष आणि पोझिशन लिहा.

ईमेल मुलीनेच लिहायची. माझ्या नवऱ्याने सुरुवातीच्या लिहिल्या होत्या आणि त्या लगेच ओळखू येत. नंतर लेक स्वतः लिहायला लागली. चार ओळी : मी कोण, तुमच्या कॉलेजात मला नेमकं काय शिकायचं आहे, व्हिडिओची लिंक, आणि येत्या शनिवारी कुठल्या मैदानावर किती वाजता खेळते आहे. ती शेवटची ओळ सगळ्यात कामाची. कोच तिथे दुसऱ्या कुणाला बघायला आलेली असेल तर पलीकडच्या मैदानावर चालत येते.

पैशाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. डिव्हिजन १ मध्ये पूर्वी एका टीमला १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकड्या करून वाटल्या जात. जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली, पण टीममध्ये २५ जणींचीच जागा राहिली. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. माझी लेक पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन ३ कॉलेजात खेळते. तिला मिळालेली मदत मार्कांवर आणि आमच्या उत्पन्नावर मिळाली. बारावीआधीच्या जुलैत त्या कोचने तिची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवून घेतली. इथे याला प्री-रीड म्हणतात. म्हणून जीपीए व्हिडिओच्या पहिल्या पाटीवर लिहायला सांगते. हजारो डॉलर घेऊन 'रिक्रूटिंग' करून देणाऱ्या एका कंपनीशी आम्हीही बोललो होतो. त्यांनी दाखवलेलं प्रत्येक काम दहावीतली मुलगी आठवड्याला दोन तास देऊन करू शकते, आणि करताना कोचशी बोलायला शिकते.

ह्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या नववीतल्या मुलीचा पहिला व्हिडिओ करतो आहोत. लेक सुट्टीत घरी आली की कॅमेऱ्यामागे तीच असते, आणि पाय दिसत नसले की थांबवून पुन्हा करायला लावते. थंडीत रडार आणि फोनची बॅटरी फार लवकर उतरते. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.