सुटे लिथियम सेल घेताना आणि नेताना

१८६५० सेलवर (म्हणजे साधारण १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब गोल सेल) ९९०० एमएएच (क्षमतेचं माप) छापलेलं दिसलं, तर तो न घेता परत ठेवून द्या. या आकारात तेवढी क्षमता मावतच नाही. चांगल्या सेलची साधारण ३५०० च्या आसपास असते. वजनही बघा. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, फारच हलका लागला तर आत काय असेल देव जाणे. जुन्या लॅपटॉपमधले सेल स्वस्त पडतात, पण २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायच्या फंदात पडू नका.

नेताना प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत तर मुळीच नको, शॉर्ट व्हायला तेवढं पुरतं. विमानप्रवासात सुटे सेल केबिनच्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. फुगलेला किंवा चेपलेला सेल कुठेच नेऊ नका.