उमरावांची जुनी कोरीव पोर्ट्रेट कशी वाचायची (चेहरा सोडून)

युरोपातल्या उमरावांच्या जुन्या एन्ग्रेव्हिंगमधे (धातूच्या प्लेटवर कोरून छापलेल्या चित्रात) लोक आधी चेहरा बघतात, आणि तोच सगळ्यात कमी भरवशाचा. पियेर लोंबारने १६५५ च्या सुमारास कोरलेली घोडेस्वाराची प्लेट घ्या, घोडा तोच, चिलखत तेच, फक्त डोकं घासून कधी क्रॉमवेल, कधी चौदावा लुई, कधी पहिला चार्ल्स. म्हणजे चार्ल्सच्या मृत्युदंडावर सही करणारा क्रॉमवेल आणि तो राजा चार्ल्स, दोघं एकाच घोड्यावर!

आधी खालचा मजकूर. नावापुढे पिंक्सिट असेल तो चित्रकार, स्कल्प्सिट असेल तो कोरणारा. झालं.

खांब, पडदा सोडून द्या, ते स्टुडिओतलं नेहमीचं सामान. चिलखत बघून "शूर सेनापती" वगैरे पण लिहू नका, १८ व्या शतकात ते निव्वळ मिरवायला असायचं.

मग गळा बघा. पोटाला बांधून लटकवलेला मेंढा दिसला की गोल्डन फ्लीस, १४३० पासूनचा सरदारांचा मान. क्रॉसवर कबुतर असेल तर फ्रान्सचा होली स्पिरिट, तसाच मान, १५७८ चा.

मुकुट इंग्लिश असेल तर ड्यूकला नुसती स्ट्रॉबेरीची पानं, बॅरनला नुसते गोळे. गोळे सहा, पण मागचे दोन दिसत नाहीत, म्हणून चारच मोजाल.

आता ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह असलेली. मला सगळ्यात जास्त छळलंय ते हिनेच. चित्र काळं-पांढरं, म्हणून रंग रेघांत लपवलेले असतात: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा चांदी, उभ्या-आडव्या एकत्र म्हणजे काळा. तिरक्या रेघा आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरल्या तर हिरवा, उलट उतरल्या तर जांभळा. पण दुसऱ्या प्रिंटवरून केलेली कॉपी बऱ्याचदा आरशातल्यासारखी उलटी छापली जाते, आणि त्यात ढालही उलटली असेल तर हिरव्याचा जांभळा होतो! नाव नव्याने सरळ कोरलेलं असतं, त्यामुळे मजकूर बघून हे अजिबात कळत नाही. जांभळा ढालीवर मुळात दुर्मिळ, तो दिसला की आधी संशय घ्या आणि तलवार बघा, ती डाव्या कमरेला हवी. चित्रातल्या माणसाच्या डाव्या, तुमच्या नाही. त्याच्या उजव्या कमरेला असेल तर प्रिंटचा फोटो मोबाईलवर फ्लिप करून ढाल परत वाचा.

आणि प्रिंट १६३८ च्या आधीचं असेल तर या रेघांवर विसंबू नका, पेत्रा सांक्ता या लेखकाच्या ढालींवरच्या पुस्तकामुळे ही पद्धत रुळली ती त्यानंतर, आधीच्या रेघा बऱ्याचदा नुसतं शेडिंग असतात.