अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आल्यावर या चुका टाळा

आमचा मुलगा 31व्या आठवड्यात झाला, 1 किलो 420 ग्रॅमचा. जुलै महिना, गोव्यात आमच्या फोंड्याला पाऊस नुसता कोसळत होता. पाच आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा वजन 1 किलो 860 होतं, आणि आम्हाला वाटलं, संकट टळलं, आता खाऊपिऊ घातलं की बाळसं धरेल. इथेच आमचं चुकलं. आम्ही त्याला फक्त 'बारीक बाळ' समजत होतो. श्वासाची लय सांभाळणं, दूध गिळताना श्वास आवरणं, अंगातली ऊब राखणं, ही पोटात शिकून यायची कामं तो अजून बाहेर शिकत होता.

37 आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. 'सातमाशी तगतं, आठमाशी तगत नाही' असं आपल्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. या समजुतीपायी आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईला किती धसका बसतो, ते मी वॉर्डात पाहिलं आहे. कृपा करून बाळंतिणीसमोर हे बोलू नका.

वय मोजताना होणारी चूक

अशा बाळाला दोन तारखा असतात: जन्माची, आणि डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची. कुठे कुठली तारीख धरायची, यात आम्ही दोन्हीकडे गोंधळ केला.

वाढीसाठी दुसरी तारीख धरायची. आमचा नऊ आठवडे आधी आला, म्हणून जन्मापासून मोजलेल्या वयातून नऊ आठवडे वजा. याला सुधारित वय म्हणतात, आणि साधारण दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब चालतो. तीन महिन्यांचा झाला तरी हसत नाही म्हणून मी रात्र रात्र जागून काढली. शेजारच्या वहिनींची मुलगी त्याच वयाला खिदळत होती. हिशेबाने तो तेव्हा जेमतेम चार आठवड्यांचा होता! पुढे सुधारित वयाच्या सातव्या आठवड्यात तो हसला, म्हणजे अगदी वेळेवर. उष्टावणाचंही तेच. जन्मतारखेने सहा महिने जानेवारीत पुरे झाले आणि घरात मुहूर्त बघायला सुरुवात झाली. डॉक्टरांनी थांबवलं. सुधारित वयाने साधारण सहा महिने होऊ द्या, मान सावरू द्या, मग भरवा. उष्टावण मार्चमध्ये झालं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

लसीचं मात्र उलटं. तिथे जन्मतारीखच चालते. 'अजून अशक्त आहे, जरा भरू दे' म्हणून आम्ही दीड महिन्याची लस तीन आठवडे लांबवली. ज्याला जंतूंचा धोका सर्वांत जास्त, त्यालाच उघडं ठेवलं. जन्माला 2 किलोच्या आत असलेल्या बाळाच्या हिपॅटायटिस बीचं वेळापत्रक थोडं वेगळं असू शकतं, ते डॉक्टर सांगतील. बाकी लस पुढे ढकलू नका.

डोळ्यांची तपासणी चुकवणं

सगळ्या चुकांमध्ये मला हिची भीती सर्वांत जास्त वाटते, कारण ती भरून निघत नाही. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या दिवसांपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आलं, त्यात ऑक्सिजन लागला, की त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. याला आर.ओ.पी. म्हणतात. वेळेत कळलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते, नाही कळलं तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोच्या आत वजन असलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासायचे असतात, फार लवकर आलेल्यांचे त्याहूनही आधी. पहिल्या तपासणीनंतर पुन्हापुन्हा बोलावतात, आणि लोक नेमके तिथे गळतात. 'दिव्याकडे बघतंय की' म्हणतात. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही. पाऊस असो, बंद असो, काणकोणहून बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठायचं असो, ती तारीख सोडू नका. कानांची तपासणीही झाली आहे का, ते डिस्चार्जच्या कागदावर बघून घ्या.

ऊब देण्याच्या नादात

गोव्याचा उकाडा बघून वाटतं, याला कसली थंडी वाजणार? पण त्याच्या अंगावर चरबीच नसते. उलट्या टोकाला, कुणी तीन दुपटी आणि लोकरीचं टोपडं चढवून घामाघूम करतं. नर्सने मला एक युक्ती दाखवली, ती अजून हातात आहे. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट नि तळवे गार, तर थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच हॉस्पिटल गाठा. काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 सेल्सिअसच्या मध्ये हवं.

सर्वांत चांगली ऊब माणसाच्या छातीची. बाळाला फक्त लंगोट नि टोपी घालून उघड्या छातीवर उभं टेकवायचं आणि वरून दुपटं बांधायचं, ही कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 मध्ये ती सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितलं की दिवसातून 8 ते 24 तास ती द्यावी. आम्ही सुरुवातीला अर्धा तास देऊन 'झालं' म्हणायचो. नवरा नाट्यप्रयोगाच्या तालमीवरून आला की सदरा काढून बसायचा आणि पाठांतर त्याच्या कानाशी पुटपुटायचा. बाळ तिथे माझ्यापेक्षा शांत झोपायचं.

धुरी मात्र अजिबात नको. ओवा, वावडिंग, कोळसे यांनी भरलेला धूर पुऱ्या दिवसांच्या बाळालाही त्रास देतो, मग याच्या फुप्फुसांचं काय होत असेल! पावसात लंगोट सुकत नाहीत तेव्हा इस्त्री फिरवा, पण ओलसर कपडा घालू नका.

दूध

ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमाराला जमू लागतो. तोवर, आणि कधी नंतरही, आईचं काढलेलं दूध नळीने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, द्यावं लागतं. मी घाई केली. बोंडलं तिरपं करून दूध आत ओतलं. त्याच्या ओठांच्या कडा निळसर झाल्या, हनुवटीवरून दूध ओघळलं, आणि दोन सेकंद माझं काळीजच थांबलं. बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्यात टेकवायचं, थेंब थेंब सोडायचं, गिळला की पुढचा. 20 मिली द्यायला मला अर्धा तास लागायचा, आणि तो लागायलाच हवा.

दूध आटतंय असं वाटलं की लगेच पावडरच्या दुधाचा डबा आणू नका. बाळ ओढत नाही म्हणून दूध येत नाही. दिवसातून आठ वेळा तरी पिळा, त्यातली एक वेळ रात्रीची. पाणी, मध, घुटी, वावडिंगाचा काढा यांतलं काहीच नको. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला नको. घरी आल्यावर वजन रोज 20 ते 30 ग्रॅम वाढावं, पण रोज काट्यावर ठेवून घाबरू नका. आठवड्याचा हिशेब बघा.

चवथ आणि पाहुणे

त्या वर्षी गणेश चवथीला घर माणसांनी भरलं. हिशेबाने बाळ अजून पोटातच असायला हवं होतं, आणि आम्ही ते सात हातांतून फिरवलं. पुढच्या आठवड्यात सर्दी, आणि पुन्हा ऑक्सिजन. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. 'डॉक्टरांनी मनाई केली आहे' म्हणा, कुणी रागावत नाही. हात धुतल्याशिवाय कुणी बाळ घेऊ नये, शिंकणाऱ्याने खोलीतही येऊ नये.

नर्सरीची नक्कल

हॉस्पिटलच्या नर्सरीत त्याला पालथं झोपवलेलं पाहिलं म्हणून मी घरीही तसंच झोपवलं. तिथे मॉनिटर असतो, घरी नसतो. घरी उताणंच झोपवा, सपाट घट्ट गादीवर, उशी न घालता.

कधी थांबायचं नाही

झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा भराभर चालू होणं अशा बाळांत दिसतं. पण 20 सेकंद थांबला, किंवा ओठ निळे पडले, अंग सैल पडलं, तर तळवे चोळून जागं करा आणि 108 लावा. श्वास मिनिटाला 60च्या वर, बरगड्यांखाली खड्डा पडणं, सलग दोन वेळा दूध न घेणं, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा तळवे पिवळे होणं, यातल्या कशासाठीही सकाळची वाट बघू नका. कोवळ्या उन्हाने कावीळ उतरत नाही.

फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, आता वजन किती. आमची डिस्चार्जची फाईल त्यासाठी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते, पावसाच्या पाण्याने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत.